दुसऱ्या पाळीचे श्रोते

आवडत्या गवयाचे गाणे प्रत्यक्ष बैठकीत ऐकावे, ते चारदोन मित्रांच्या संगतीत ऐकावे, आणि बैठक मध्यरात्रीपलीकडे चालणारी असावी, अशा मताचे आम्ही आहोत. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आजही कोणास साधण्यासारख्या आहेत. तिसरी मात्र पिंपरी-चिंचवड व चाकण या आमच्या कारखान्यांच्या मुलखातून, किंबहुना सबंध पुणे परिसरातून, जवळजवळ नाहीशी झाली आहे. तिच्या नाहीसे होण्याची झळ ज्यांस सर्वांत अधिक लागली ते दुसऱ्या पाळीचे कामगार होत. या अंकाच्या वाचकांपैकी कित्येकांचे वडील वा थोरले बंधू त्याच पाळीस जात असतील, म्हणून हा विषय येथे काढीत आहो.

हल्ली प्रत्येकाच्या खिशातील यंत्रात हवा तो गवई हव्या त्या क्षणी गातो; मग भाडे खर्चून व थंडीत कुडकुडत मैफलीस जावे कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. ध्वनिमुद्रिकेस आम्ही हलकी लेखीत नाही. भीमसेन जोशी यांस लहानपणी गाण्याचे वेड लागले ते अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेनेच. परंतु १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांनी गदगचे घर सोडले ते आणखी तबकड्या मिळविण्यासाठी नव्हे. समोर बसवून शिकवील असा गुरू त्यांस हवा होता. ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली अशी वणवण करीत हा मुलगा जालंधरास पोहोचला. तेथील हरिवल्लभ संमेलनास आलेल्या विनायकराव पटवर्धनांनी त्यास सांगितले की, इतक्या दूर भटकण्याचे कारण नाही, सवाई गंधर्व तुझ्या मुलखातच आहेत. अर्धा हिंदुस्थान ओलांडून हा मुलगा कुंदगोळास परत आला. तबकडीने तहान लागली. ती भागली मात्र गुरूच्या पायाशी.

आमच्या संगीताची घडणच अशी आहे की, श्रोता तिचा एक भाग होऊन बसतो. गवई कागदावर लिहिलेले गात नाही. समेवर येताना समोरच्या चार माना एकदम हलल्या तर तोच मुखडा तो पुन्हा निराळ्या वाटेने आणतो. माना हलल्या नाहीत तर आलाप आटोपता घेतो. तबकडी ऐकताना आपण दाद दिली काय आणि न दिली काय, पुढची तान ठरलेलीच असते.

आता मित्रांविषयी. सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ साली, त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात उत्सव सुरू झाला; तो भीमसेनांनी आयुष्यभर वाहिला. उत्सव रमणबागेच्या पटांगणात रात्रभर चाले त्या काळी आम्ही चौघे मित्र पिंपरीहून जात असू. दोघे दुसऱ्या पाळीचे होते. रात्री अकराच्या सुमारास कारखान्याच्या दारातून बाहेर पडावे, हाताचे तेल पुरते निघाले न निघाले तो मिळेल त्या वाहनाने पुणे गाठावे, आणि मांडवात शिरून घोंगडीवर बसावे तो मुख्य गाणे अजून व्हावयाचेच असे. आमच्यातील एकास रागांची नावे येत. तो बोटांवर मात्रा मोजी. दुसऱ्यास काहीच येत नसे, परंतु तो लेथवर काम करणारा. हत्यार बोथट झाले की नाही हे लेथच्या आवाजावरून ओळखणारा त्याचा कान. तंबोऱ्याची एक तार किंचित उतरली होती, तेव्हा जाणत्या मित्राच्या आधी त्याने भुवई उंचावली. गायकाने तार मिळवून घेतल्यावर त्याने आमच्याकडे असे पाहिले, की जणू ती दुरुस्ती त्यानेच केली. एकटा गेलो असतो तर हे मला कोण शिकविता? पुस्तकात राग वाचावा, पण ऐकावे कसे हे शेजारी बसलेल्याकडून शिकावे लागते. (बोलघेवडा मित्र मात्र घरी ठेवावा.)

भीमसेनांचे गाणे बहुधा अखेरचे असे. तोवर मांडवाच्या कडेने उजाडू लागलेले असे, आणि रात्रभर जागलेल्या डोळ्यांपुढे ललत वा तोडी उभी राही. तो स्वर त्या प्रकाशात ऐकलेल्यास त्याचे वर्णन करून सांगणे नको, आणि न ऐकलेल्यास सांगून उपयोग नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी, २०११ साली, भीमसेन गेले.

परंतु रात्र त्याआधीच गेली होती. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम आले. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी झाली. वर्षातील मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देते, इतकेच. या नियमास आमचा विरोध नाही. रुग्ण, तान्ही मुले आणि परीक्षेचे विद्यार्थी यांची झोप कोणत्याही रागाहून मोलाची आहे. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला की, मालकंस व दरबारी हे रात्रीच्या पोटातले राग, आणि ललत, भटियार हे पहाटेचे राग, यांस आपल्या वेळेवर प्रत्यक्ष भेटण्याचे प्रसंग फार थोडे उरले. दुसरा परिणाम असा की, अकराला सुटणाऱ्या कामगारास मैफलच उरली नाही. २०१८ पासून उत्सव मुकुंदनगरास होऊ लागला, आणि २०२४ साली पिंपरीची मेट्रो थेट स्वारगेटपर्यंत पोहोचल्याने वाट पूर्वीपेक्षा पुष्कळच सोपी झाली. पण वाट सोपी झाली तेव्हा त्या पाळीच्या माणसासाठी दार मिटलेले होते.

आता आमची सूचना. त्याच नियमांनी बंदिस्त सभागृहास अपवाद केला आहे. आवाज भिंतींच्या आत राहील तर रात्रीस अटकाव नाही. चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीस अत्रे रंगमंदिर आहे, आणि भोसरीस लांडगे नाट्यगृह आहे, जे चाकणहून येणारास वाटेवरच पडते. यांपैकी एका ठिकाणी वर्षातून एक रात्र तरी साडेअकराला सुरू होऊन सूर्योदयास संपणारी बैठक का ठेवू नये? १९५४ साली पिंपरीस औषधांचा सरकारी कारखाना निघाला तेव्हापासून या गावांनी पाळ्यांप्रमाणे जेवणे, झोपणे, लग्नाचे मुहूर्तदेखील लावून घेतले. एक गाणेच तेवढे कचेरीच्या वेळेला चिकटून राहिले आहे.

कोणी म्हणेल, जागरण झालेला माणूस दुसऱ्या दिवशी यंत्रापाशी उभा राहिला तर बोट गमावील. ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. म्हणूनच बैठक शनिवारी नव्हे, बुधवारी रात्री ठेवावी; कारण येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शहरातील आयोजकांच्या हे ध्यानात येत नाही, कारण त्यांचा आठवडा रविवारी संपतो.

दुसरा आक्षेप असा की, कामगारास शास्त्रोक्त गाणे रुचणार नाही. असे म्हणणारांनी देहू वा आळंदीस एकादशीची रात्र एकदा काढावी. हरिजागरात पखवाजावर हात पडताच मागच्या रांगेतील माणूस टाळ कसा अचूक धरतो ते पाहावे, आणि मग लय कोणास कळते व कोणास कळत नाही याचा निवाडा करावा. इंद्रायणीकाठच्या माणसास रात्रभर जागून ऐकणे नवे नाही.

व्यवस्था फारशी नको. दर माफक असावा, पहाटे चारला चहा मिळावा, आणि बैठक संपताना चाकणच्या वाटेने एखादी बस उभी असावी. भ्रमणध्वनी दाराशी बंद करवावेत. आणि एक विनंती विशेष आग्रहाने करतो: पुढच्या तीन रांगा निमंत्रितांसाठी राखून ठेवू नयेत. ती मंडळी बाराच्या आत हार घेऊन घरी जातात, आणि पहाटे ललत गाणाऱ्यासमोर रिकाम्या खुर्च्या तेवढ्या उरतात. त्या दाद देत नाहीत.