‘सगळ्यांना ठाऊक’ म्हणजे कुणाला?



मुरमाडीच्या (ता. लाखनी) तीन अल्पवयीन बहिणींविषयी या वर्तमानपत्रात छापलेल्या एका पत्रात ‘कुणी केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे’ असे ठोकून दिले आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये मुली बेपत्ता झाल्या, विहिरीत मृतदेह सापडले, पोलिसांच्या ढिलाईवर चिडून लोकांनी राष्ट्रीय महामार्ग रोखला. तो राग रास्तच होता. पण रागातून पुरावा निघत नाही.

मुलींची नावे छापायची काय गरज होती? राज्यसभेत खुद्द तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी ती घेतली, तेव्हा कामकाजातून वगळावी लागली होती. संपादकांनीही हे पाहायला हवे होते.

‘अपहरणे वाढली म्हणजे टोळी आली’ हा त्या पत्रातला तर्कही कच्चा. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशानंतर अल्पवयीन मूल हरवले की अपहरणाचा गुन्हाच नोंदवला जातो. घरून रुसून गेलेला पोरगाही त्यात येतो. अशाच टोळीच्या अफवेने १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाच भटके भिक्षेकरी ठेचून मारले गेले.

पोलिसांना जाब विचारायचाच, तर हा विचारा: मुली हरवल्याची खबर किती वाजता लिहिली आणि शोधायला पहिला माणूस कधी निघाला?

– एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)