कोंबड्यांच्या खाद्यात औषध कशाला ?

कुक्कुटपालन हा एके काळी परसातील दहा-पाच कोंबड्यांचा जोडधंदा होता. आज पुणे, नाशिक यांसारख्या जिल्ह्यांत एकेका शेडमध्ये हजारो पक्षी वाढविले जातात, आणि एक दिवसाचे पिलू साधारण सहा आठवड्यांत सुमारे दोन किलो वजनाचे होऊन विक्रीस तयार होते. या प्रगतीचे श्रेय सुधारित जाती, समतोल खाद्य, रोगप्रतिबंधक लसी आणि शेतकऱ्यांचे परिश्रम यांस आहे. परंतु धंदा वाढत असता त्याबरोबर एक घातक सवयही रुजली आहे. पक्षी निरोगी असतानाही त्यांस खाद्यातून किंवा पाण्यातून प्रतिजैविके देत राहावयाचे, ही ती सवय होय. ती मोडावयास हवी. ती मोडण्यात शेतकऱ्याचेच हित आहे, हे त्यास पटवून देणे गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.

सवयीचा उगम

१९५० च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड या शास्त्रज्ञांस असे आढळले की, ऑरिओमायसिन हे औषध तयार करताना उरणारा चोथा खाद्यात मिसळला असता पिले अधिक झपाट्याने वाढतात. तेव्हापासून अल्प मात्रेत प्रतिजैविके मिसळलेले खाद्य जगभर पसरले. कमी खाद्यात अधिक वजन, हे आकर्षण मोठे होते. खाद्यावरील खर्च हाच या धंद्यातील सर्वांत मोठा खर्च असल्याने ते आजही कित्येकांस मोठे वाटते.

तथापि अल्प मात्रेत औषध देण्यातील धोका त्याआधीच सांगितला गेला होता. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानातच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट ते त्या औषधास सरावतात.

जंतू औषधास का जुमानीत नाहीत ?

शेतकऱ्यास ही गोष्ट समजणे अवघड नाही. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारल्यावर कीड त्यास दाद देईनाशी होते, हे त्याने शेतात पाहिलेले असते. कोंबडीच्या आतड्यातही तेच घडते. तेथे कोट्यवधी जंतू असतात व अनुकूल परिस्थितीत त्यांतील काही जाती सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. औषधाने दुबळे जंतू मरतात आणि जे थोडे टिकून राहतात त्यांचीच संतती रिकाम्या जागी फोफावते. शिवाय जंतूंची एक विशेष शक्ती आहे. औषधास तोंड देण्याचा गुण एक जंतू दुसऱ्यास, आणि पुष्कळदा निराळ्या जातीच्या जंतूसही, देऊ शकतो. असे अनेक गुण एकत्रच दिले जात असल्याने एका औषधाच्या वापरामुळे इतर औषधेही निकामी होऊ शकतात.

हे जंतू शेडमध्ये कोंडून राहत नाहीत. ते शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या हातांवरून व कपड्यांवरून घरात येतात. कोंबडखतातून ते शेतात जातात, सांडपाण्यातून ओढ्यास मिळतात आणि मांस साफ करताना स्वयंपाकघरात पोहोचतात. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. एका कुटुंबाच्या शेतावरील कोंबड्यांस टेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य देण्यात आले. एका आठवड्यातच त्या कोंबड्यांच्या आतड्यातील जवळजवळ सर्व जंतू त्या औषधास दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही तसे जंतू वाढल्याचे दिसले. शेजाऱ्यांच्या बाबतीत मात्र तसे आढळले नाही. ते खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांत तपासलेल्या दहांपैकी आठ माणसांत असे जंतू सापडेनासे झाले. धोका सर्वप्रथम कोंबड्या पाळणाऱ्याच्या घरास आहे आणि सवय सोडल्यास तो ओसरू शकतो, असे दोन धडे या एकाच प्रयोगातून मिळतात.

कोलिस्टिनचे उदाहरण

इतर औषधे निष्फळ ठरल्यावर अत्यवस्थ रुग्णासाठी डॉक्टर ज्या अखेरच्या औषधांचा आश्रय घेतात, त्यांत कोलिस्टिन हे एक आहे. हेच औषध कोंबड्यांच्या व डुकरांच्या खाद्यातून वाढीसाठी दिले जात असे. या औषधास निष्प्रभ करणारा आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा गुण चीनमध्ये जनावरांत, मांसात व रुग्णांत सापडल्याचे २०१५ साली जाहीर झाले. चीनने २०१७ साली वाढीसाठी त्याचा वापर बंद केला आणि त्यानंतर तेथील असे जंतू कमी झाल्याचे दिसून आले. भारत सरकारनेही जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या, मत्स्यपालन व पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांस मनाई केली. हा निर्णय योग्यच होता. परंतु एका औषधास मनाई झाल्यावर दुसरे औषध खाद्यात घातले गेले, तर मनाईचा हेतू विफल होईल.

नुकसानीची भीती

औषध बंद केल्यास मर वाढेल व वजन घटेल, ही शेतकऱ्याची भीती खरी आहे आणि तिची थट्टा करणे योग्य नव्हे. बँकेचे कर्ज काढून शेड उभारलेल्या माणसास एक बॅच बुडणे परवडत नाही. म्हणून डेन्मार्क देशाचा अनुभव त्याच्यापुढे ठेवावा. तेथे १९९८ साली मांसल कोंबड्यांच्या खाद्यातील वाढीसाठीची प्रतिजैविके बंद झाली. त्यानंतर पक्ष्यांची मर वाढली नाही व वजनही घटले नाही. खाद्य किंचित अधिक लागले, पण औषधाचा खर्च वाचल्याने ती तूट बहुतांशी भरून निघाली. डुकरांच्या दूध तोडलेल्या पिलांत मात्र हगवणीचा त्रास काही काळ वाढला, हेही सांगितले पाहिजे. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ही प्रथा सर्वत्र बंद केली.

वास्तविक, ज्या रोगांनी शेड रिकामी होते त्यांतील कित्येकांवर प्रतिजैविकांचा काहीच उपयोग होत नाही. राणीखेत म्हणजे मानमोडी, गंबोरो व बर्ड फ्लू हे विषाणूंचे रोग आहेत. पहिल्या दोहोंवर वेळेवर दिलेली लस हाच उपाय आहे. त्या रोगांच्या भीतीने खाद्यात घातलेले औषध पैसे वाया घालविते आणि जंतूंस शिकविते.

काय करावे ?

औषधाचे काम पुष्कळसे व्यवस्थेने होते. शेडमध्ये हवा खेळती असावी. अमोनियाचा उग्र वास आल्यास तुसाची गादी ओली झाली आहे असे समजून ती उकरावी व कोरडी करावी. ब्रूडरखाली पिलांस योग्य ऊब द्यावी. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालावे व नळ्या धुवाव्यात. सर्व पक्षी एकाच वेळी भरावेत, एकाच वेळी विकावेत आणि दोन बॅचांमध्ये शेड साफ करून काही दिवस रिकामी ठेवावी. दाराशी पाय बुडविण्यासाठी जंतुनाशक ठेवावे. लसींची नोंद तारखेनिशी करावी. कोंबडखत चांगले कुजवूनच शेतात घालावे.

पक्षी खरोखर आजारी पडल्यास औषध नाकारू नये. परंतु ते दुकानदाराच्या सल्ल्याने आणू नये. पशुवैद्यास बोलवावे. मेलेला पक्षी तपासणीस पाठवावा आणि कोणते औषध लागू पडते हे प्रयोगशाळेकडून जाणून घ्यावे. सांगितलेली मात्रा सांगितलेले दिवस पुरी द्यावी. औषध थांबविल्यापासून विक्रीपर्यंत सोडावयाचा काळ २०१२ सालच्या नियमदुरुस्तीनुसार वेष्टनावर छापलेला असावा लागतो. असा काळ त्या औषधासाठी ठरलेला नसल्यास अंड्यांसाठी किमान ७ दिवस व मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात. सहा आठवडे जगणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत २८ दिवस म्हणजे दोन-तृतीयांश आयुष्य होय, हे ध्यानात घेतल्यास विक्रीच्या तोंडावर औषध देणे किती अयोग्य आहे ते कळेल.

जबाबदारी कोणाची ?

सर्व दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मात्र न्याय्य होणार नाही. कंत्राटी पद्धतीत पिले, खाद्य व औषधे कंपनीच देते आणि शेतकऱ्यास किलोमागे संगोपनाचा मोबदला मिळतो. पोत्यात काय आहे हे पुष्कळदा त्यास ठाऊकही नसते. यास्तव खाद्यातील प्रत्येक औषधाचे नाव व मात्रा पोत्यावर मराठीत स्पष्ट छापलेली असावी, आणि औषधाविना वाढविलेल्या बॅचला किंचित अधिक दर मिळावा. एकटा शेतकरी अशी मागणी करू शकत नाही. परंतु गावातील दहा जणांनी मिळून केल्यास ती डावलणे कंपनीस सोपे जाणार नाही. कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा.

प्रतिजैविके ही गावविहिरीसारखी आहेत. एकाने निष्काळजीपणे तिचे पाणी नासविले, तर तहान सर्वांची राहते. न्यूमोनियाने आजारी झालेल्या मुलास किंवा बाळंतिणीस उद्या जे औषध वाचविणार आहे, त्याची शक्ती आज कोंबड्यांच्या खाद्यात दवडू नये. कुक्कुटपालकाच्या घरातही मुले-बाळे आहेत, आणि या गोष्टीचा विचार त्यानेच सर्वांआधी करावयास हवा.