तारीख पक्षकाराची, मुदत कोणाची?

वकील फोन उचलत नाही आणि मुदत टळून गेली, अशी तक्रार करणाऱ्या पक्षकारांना एका जाणकाराने नुकताच उपदेश केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वकील हा पक्षकाराचाच प्रतिनिधी, म्हणून त्याची चूक ती पक्षकाराची चूक. प्रत्येक प्रकरणाची माहिती आता मोबाइलवर दिसते, तेव्हा अंधारात राहिलो ही सबब चालणार नाही. वकील आवडत नसेल तर बदलावा, उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करावा. ऐकायला हे सोपे वाटते. ज्याने फी भरली, कागद दिले आणि विश्वास टाकला, त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा हा युक्तिवाद मला मुळातच अन्यायाचा वाटतो.

मोबाइलचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अंकी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते, हे खरे. पण तिथे दिसते ती तारीख, मुदत नव्हे. दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत, आणि न्यायालयाने कारणे नोंदवून वाढवून दिल्यास ९० दिवसांपर्यंत, कैफियत दाखल करायची असते. पुढची तारीख त्यानंतरची असू शकते. ती पाहून निर्धास्त राहिलेल्या प्रतिवादीला दावा कैफियतीविना चालवण्याचा आदेश झाल्यावर जाग येते. व्यापारी दाव्यात तर १२० दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच संपतो. अपिलाची गत याहून वाईट. निकाल लागला की ॲपवर प्रकरण ‘निकाली’ दिसते आणि पुढची तारीखच उरत नाही. नेमकी तिथूनच जिल्हा न्यायालयातील अपिलाची ३० दिवसांची किंवा उच्च न्यायालयातील ९० दिवसांची मुदत सुरू झालेली असते. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात, पण नकलेचा अर्ज वेळेत केला तर! हे पक्षकाराला कोण सांगणार? चेक न वटल्याचे बँकेने कळवल्यावर ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर १५ दिवसांची वाट, मग महिनाभरात फिर्याद, या हिशेबाच्या वेळी तर न्यायालयात प्रकरणच नसते. मग ॲप काय दाखवणार? हा हिशेब ठेवणे हेच वकिलाचे काम आहे, आणि फी त्यासाठीच घेतलेली असते.

प्रतिनिधित्वाच्या तत्त्वाला तर सर्वोच्च न्यायालयानेच मर्यादा घातली आहे. वकिलाच्या गैरहजेरीमुळे फेटाळलेले एक अपील १९८१ मध्ये पुन्हा सुनावणीला घेताना, आपल्या वाट्याचे सगळे केलेल्या पक्षकाराने वकिलावर पहारा ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. याच न्यायालयाने १९९३ मध्ये बजावले की वकिलावर खापर फोडून प्रत्येक वेळी सुटका होणार नाही. तेही बरोबरच आहे. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर पक्षकाराचे वर्तन तपासा असा अर्थ निघतो, पक्षकार दोषीच धरा असा नव्हे.

इथे एक जुना वाद पुन्हा उकरावा लागतो. डॉक्टर १९९५ पासून ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहेत. वकील मात्र १४ मे २०२४ च्या निकालाने कक्षेबाहेर राहिले. कारणांपैकी एक असे की वकिलाच्या कामावर पक्षकाराचे थेट नियंत्रण असते. ज्याला चार ओळींचे उत्तर मिळत नाही, त्याच्या हाती हे कसले नियंत्रण? नियंत्रण पक्षकाराचे मानून ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद करायचा आणि मुदत चुकल्यावर त्याच नियंत्रणाच्या नावाने जबाबदारीही त्याच्यावर टाकायची, हा दुहेरी मार आहे.

बाकीचे मुद्दे फार काळ टिकत नाहीत. वकील बदलायचा तर आधीच्याची ‘ना हरकत’ मागितली जाते, आणि ती देणारा माणूस फोनच उचलत नसतो. मुदत कायद्याच्या कलम ५ खालची विलंब माफी अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. ग्राहक तक्रारीत उत्तर द्यायला ४५ दिवसांच्या पुढे एक दिवसही मिळत नाही, हे २०२० मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले. वकिलावर कामाचा बोजा असतो, अशी सबब कोणी पुढे करील; पण बोजा असेल तर त्याने नवे वकीलपत्र घेऊ नये.

मग करावे काय? वकीलपत्र घेतानाच पुढची मुदत, तिचा शेवटचा दिवस आणि लागणारे कागद लिहून देण्याचे बंधन वकिलावर असावे. पक्षकाराने पैशांची पावती आणि प्रत्येक संदेश जपावा, कारण विलंब माफीच्या अर्जात पुरावा म्हणून तोच उभा राहतो. उत्तर येत नसेल तर लेखी नोटीस देऊन फाईल परत मागावी. थकलेल्या फीसाठी वकिलाला फाईल अडवता येत नाही, हे २००० पासून ठरलेले आहे. तरीही दाद नसेल तर न्यायालयाच्या परवानगीने वकीलपत्र रद्द करावे आणि अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करावी. ती वर्षभरात निकाली निघाली नाही तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. हे उपाय अपुरे आहेत, बुडालेला हक्क ते परत आणत नाहीत. म्हणूनच मुदत पाळण्याची पहिली जबाबदारी जो ती जाणतो त्याची, हा नियम व्यवसायानेच स्वीकारला पाहिजे.