रंगाखालचा गंज

निपाणी तालुक्यातील बोरगावसारख्या गावी जुनी मारुती ८०० आजही अनेक कुटुंबांचा आधार आहे. १९८३ मध्ये आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर ५-५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. ही तपासणी केवळ कागदांची होऊन चालणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या गाडीला ट्रकसारखी स्वतंत्र चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. २०१९ च्या दूधगंगा-वेदगंगेच्या पुरात जी गाडी बुडाली, तिच्या पोकळ पट्ट्यांत चिखल राहून तो आतून गंजतो. आमच्या किनारपट्टीवर खारी हवा तेच काम करते. वरून काळा लेप दिला की भेग झाकली जाते.

म्हणून गाडी वर उचलून तिचा तळ, दारांखालच्या पट्ट्या व चाकांचे सांधे ठोकून पाहावेत. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर दोष लेखी कळवावा आणि दुरुस्तीस मुदत द्यावी. गरिबाची गाडी भंगारात काढणे हा हेतू नसावा. परंतु सांगाडा दुभंगला तर त्याच्याच मुलाबाळांचे प्राण धोक्यात येतात, याचा विसर अधिकाऱ्यांना पडू नये आणि मालकालाही.