जिभेवर खापर फोडणं बंद करा

दिवेकर की दीक्षित, या वादात मराठी मध्यमवर्गाने काही वर्षं काढली. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, लोकलच्या डब्यात, जिथे तिथे हीच चर्चा. दोघांपैकी कोण बरोबर हे ठरवायला मी बसलेले नाही. दोघांमुळेही पुष्कळ माणसं चालायला लागली आणि ते चांगलंच झालं. माझा राग आहे तो या सगळ्या वादाने न विचारता गृहीत धरलेल्या गोष्टीवर. जेवायची वेळ ज्याच्या त्याच्या हातात असते, असं हे लोक धरून चालतात. मुंबईच्या नायगावात ती कोणाच्याच हातात नसते.

इथल्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. शंभर वर्षांपूर्वी गिरणीकामगारांचा विचार करून बांधलेली, पुढे पोलिसांनाही मिळालेली. मी अशाच खोलीत वाढले, वडील पोलिसात होते. त्या खोलीत एकच गॅस आणि पाच माणसांचं एकच पातेलं असतं. आमच्या शेजारच्या वहिनींना साखर निघाली, तेव्हा एका आहारतज्ज्ञ बाईंनी छापील कागद हातात ठेवला: सकाळी ओट्स, अकराला पपई, दुपारी दोन फुलके आणि ब्रोकोली, संध्याकाळी सातच्या आत सूप. वहिनींनी तो कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. त्या नळाला पाणी येतं तेव्हा उठतात. नवऱ्याचा डबा, दोन्ही मुलांचे डबे, सासूचा मऊ भात, मग स्वतःची धुण्याभांड्याची कामं. नवरा बंदोबस्तावरून कधी अकराला येतो, कधी एकला. त्याला एकट्याला जेवायला वाढून स्वतः झोपायचं हे त्यांना जमत नाही, म्हणून त्याही त्याच्याबरोबर बसतात. आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात टाकवत नाही म्हणून तो त्यांच्याच ताटात जातो. रोज. पुढच्या भेटीत बाईंनी वजन बघून त्यांना विचारलं, “तुम्हाला बरं व्हायची इच्छा आहे की नाही?”

हा प्रश्न मला सहन होत नाही. घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या आणि सगळ्यांचं उरलेलं संपवणाऱ्या बाईला इच्छाशक्तीवर प्रवचन द्यायचा अधिकार यांना दिला कोणी?

वजन कमी करायची धडपड कोण करतं, हेही बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात साधारण चारातला एक पुरुष जादा वजनाचा आहे आणि बायकांचं प्रमाणही त्याच्याच आसपास आहे. पण रात्रीचं जेवण सोडतात त्या मुली. बघायला येणार म्हटलं की घरचेच सांगतात, महिनाभर भात बंद कर. ज्या मुलीचं वजन उंचीच्या मानाने अगदी योग्य आहे, तीही काकडी खाऊन दिवस काढते आणि चक्कर येऊन जिन्यात बसते. तिच्या मागे पोट पुढे आलेला, रक्तदाबाची गोळी विसरणारा तिचा भाऊ मात्र “खात्यापित्या घरचा” म्हणून मिरवतो. दक्षिण कोरियातही चित्र असंच आहे. तिथे लठ्ठपणा पुरुषांत कितीतरी जास्त, आणि बारीक व्हायची खटपट करण्यात बायका पुढे, त्यातही ज्यांना वजनाच्या दृष्टीने गरज नाही अशा तरुण मुली. म्हणजे सोलमध्ये काय आणि नायगावात काय, वजन घटवायच्या सवयी शरीराच्या गरजेतून येतच नाहीत. लोकांच्या नजरेतून येतात, आणि ती नजर फक्त बाईवर रोखलेली असते. या नजरेबद्दल मी पाहिलेल्या लठ्ठपणाच्या एकाही सरकारी पत्रकात अवाक्षर नाही.

आता म्हणे चाला. जरूर चालू, पण कुठे? 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. 2001 मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्यांची करायची ठरलं, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. आमच्या शेजारची स्प्रिंग मिल गेली आणि तिच्या जागी गगनचुंबी टॉवर उभे राहिले. ज्या वस्तीत संध्याकाळी कबड्डीचे डाव रंगायचे, त्या वस्तीतल्या बायका आता दादरच्या गर्दीत फेरीवाल्यांना आणि दुचाक्यांना चुकवत “वॉक” करतात. चाळींच्या मधली मोकळी जागा तेवढी उरली होती. पुनर्विकासात 500 चौरस फुटांचं घर मिळणार, ते मिळालंच पाहिजे, त्यावर आमचा हक्क आहे. पण खाली गाड्यांची सोय किती हे जेवढ्या तपशिलाने सांगितलं जातं, तेवढ्या तपशिलाने जेवणानंतर बायकांना फिरायला आणि पोरांना खेळायला जागा किती, हे सांगताना मी कोणाला ऐकलेलं नाही.

पैसेवाल्यांची सोय झाली आहे. मार्च 2025 मध्ये वजन कमी करणारं मौंजारोचं इंजेक्शन भारतात आलं, तेव्हा सुरुवातीच्या मात्रेची एक कुपी 3,500 रुपयांना होती आणि ती दर आठवड्याला घ्यायची. महिन्याचे 14,000. वहिनी ज्या घरी भांडी घासतात तिथल्या मॅडम ते घेतात.

आणि आता पोलिसांबद्दल, कारण नायगावात राहून पोलिसांच्या पोटावरचे विनोद मी आयुष्यभर ऐकत आले आहे. 2017 च्या महापालिका निवडणुकीच्या दिवशी लेखिका शोभा डे यांनी एका स्थूल पोलिसाचा फोटो टाकून मुंबईच्या बंदोबस्ताची टिंगल केली. तो माणूस मध्य प्रदेशचा निघाला, आणि आपलं वजन आजारामुळे आहे असं त्याने सांगितलं. फोटो चुकला ही वेगळी गोष्ट. तो मुंबईचा असता तरी हसायचं काय होतं? लालबागच्या गणपतीत मुंबईचा पोलीस पहाटेपासून उभा असतो. पोटात चहा, पार्ल्याची बिस्किटं, मिळेल तेव्हा वडापाव, आणि आलंच तर दुपारी चारला पुरीभाजीचं पाकीट. घरी येतो तो मध्यरात्री, ताटभर जेवतो आणि तसाच आडवा होतो. अपुरी झोप भूक वाढवते हे वैद्यकशास्त्र केव्हाच सांगून चुकलं आहे. या माणसाला सरकार काय देतं? वजन आटोक्यात ठेवलंस तर महिना 250 रुपये भत्ता.

खरा उपाय मुंबई पोलिसांनी स्वतः करून दाखवला होता. मे 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्यूटी सुरू झाली. योजना तिथल्याच एका पोलीस कर्मचाऱ्याने मांडलेली, आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी उचलून धरलेली. जानेवारी 2018 मध्ये ती शहरातल्या सगळ्या ठाण्यांपर्यंत पोचली. त्या काळात आमच्या आवारात पोलीस संध्याकाळी मुलांना घेऊन खाली उतरलेले मी पाहिले आहेत. कोणी त्यांना दीक्षित समजावले नव्हते की दिवेकर वाचायला दिल्या नव्हत्या. त्यांना फक्त संध्याकाळ मिळाली होती. पुढे करोना आला, घडी विस्कटली, आणि मनुष्यबळ अपुरं आहे हे कारण कायमचं झालं.

कामाचे तास दक्षिण कोरियानेही कमी केले: जुलै 2018 पासून आठवड्याची कमाल मर्यादा 68 वरून 52 वर आणायला सुरुवात केली. तिथल्या राष्ट्रीय विम्यात दर दोन वर्षांनी तपासणी होते, तिच्यात वजनाबरोबर कंबरही मोजतात, आणि अंगमेहनतीच्या कामगारांची तपासणी दरवर्षी होते. त्यामुळे तिथे लठ्ठपणा संपला असं नाही, पण माणसाला दुखणं जडण्याआधी त्याच्या कमरेचा आकडा कळतो. आपल्याकडे बहुतेकदा कमरेला फीत लागते ती मधुमेह निघाल्यावर.

आपण काय केलं? देवेंद्र फडणवीसांच्या पहिल्या सरकारने डॉ. दीक्षितांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत नेमलं. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं. नंतर सरकारी कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावायची सूचना निघाली. आणि 3 सप्टेंबर 2025 ला त्याच फडणवीसांच्या मंत्रिमंडळाने कामाचे रोजचे कमाल तास दुकानांत 9 वरून 10 आणि कारखान्यांत 9 वरून 12 करायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा आणि ओव्हरटाइमचा मोबदला पुढे करून याचं समर्थन करता येईल, करतातही. पण बारा तास मशीनवर उभा राहून, वर दीड-दीड तास लोकलने लोंबकळत घरी येणाऱ्याने 45 मिनिटं चालायचं कधी, याचं उत्तर त्या निर्णयात नाही.

तेव्हा फलक काढा आणि ड्यूटीचा तक्ता लावा. नायगावच्या सशस्त्र पोलिसांपासून सुरुवात करा: आठ तास, आठवड्याची हक्काची सुट्टी, बंदोबस्तावर वेळेवर गरम जेवण. हे अमलात आल्यावर वर्षभराने त्यांचं वजन करा, आणि त्यांच्या बायकांचंही.