रणगाडा आणि त्याच्या मागचीं माणसें

आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत रणगाड्यांचीं चित्रें वारंवार दिसतात. दुसऱ्या महायुद्धांतील इंग्रजांच्या सातव्या चिलखती डिव्हिजनचे पराक्रम तर कित्येकांना तोंडपाठ असतात. ह्या आवडीस नांवें ठेवण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु हा इतिहास अर्धाच वाचला जातो, असें आम्हांस वाटतें.

ही डिव्हिजन १९३८ सालीं मिसर देशांत उभी राहिली. तिला शिकवून तयार करणारे सेनापति पर्सी होबार्ट ह्यांचा जन्म आपल्याच देशांत, नैनिताल येथें झाला होता. वाळवंटांत उड्या मारीत फिरणारा जर्बोआ नांवाचा उंदीर हें तिचें चिन्ह. ९ डिसेंबर १९४० रोजीं सकाळीं सिदी बरानीजवळ निबेवा येथील इटालियन छावणीवर हल्ला झाला. सातव्या डिव्हिजननें शत्रूच्या वाटा रोखून धरल्या. परंतु माटिल्डा रणगाड्यांच्या पाठोपाठ छावणींत शिरलें तें चौथ्या हिंदी डिव्हिजनचें पायदळ. पुढें त्या दहा आठवड्यांच्या मोहिमेंत सुमारें १,३०,००० शत्रुसैनिक पाडाव झाले. माटिल्डा रणगाडा आज अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, संग्रहालयांत पाहावयास मिळतो. त्याच्या मागून चालत गेलेला शिपाई मात्र कोणत्या संग्रहालयांत पाहावा?

त्या शिपायांत आपले मराठी लोकही होते. जून १९४२ मध्यें तोब्रुक पडलें, तेव्हां मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण तेथें शत्रूच्या हातीं सांपडली. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत नाईक यशवंत घाडगे ह्यांनीं, सोबती पडल्यावर, एकट्यानें मशीनगनचें ठाणें घेतलें आणि लगेच प्राण सोडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारा हा तरुण आपल्या शेजारच्या रायगड, तेव्हांच्या कुलाबा, जिल्ह्यांतला.

आणि युद्धाला केवळ शिपाईच लागतात असें नाहीं, जमीनही लागते. कल्याणजवळ त्या काळीं सुमारें ६,००० सैनिक व ३०,००० इतर लोक राहतील एवढी लष्करी छावणी उभारली गेली. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधी निर्वासितांनीं संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं तिचें उल्हासनगर झालें. तरी तेथील पत्ता सांगतांना लोक आजही कॅंप नंबर तीन, कॅंप नंबर चार असेंच म्हणतात. जवळच नेवाळी येथें विमानतळाकरितां शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाव्या म्हणून जून २०१७ मध्यें, म्हणजे सत्तर वर्षें उलटल्यावरही, त्यांच्या वारसांना रस्त्यावर यावें लागलें. हाही त्याच युद्धाचा इतिहास नव्हे काय?

कांहीं पालक म्हणतील कीं, ते शिपाई परक्या राज्याचे चाकर होते. त्यांची आठवण कशास? आमचें उत्तर असें कीं, राज्य परकें होतें, पण रक्त आपलें होतें. कोणी पोटासाठीं गेला, कोणी घराण्याच्या रीतीनें गेला. त्याचा न्याय करण्यापूर्वीं त्याचें नांव तरी ठाऊक असावें. संत पौलानें करिंथकरांस लिहितांना एक देह आणि अनेक अवयव ह्यांचा दृष्टांत दिला आहे. दुर्बळ दिसणारे अवयवच अधिक अगत्याचे असतात, हें त्याचें म्हणणें सैन्याच्या इतिहासासही लागू पडतें.

म्हणून विद्यार्थ्यांनो, रणगाड्यांचीं चित्रें अवश्य काढा. परंतु येत्या सुटींत घरच्या वडीलधाऱ्यांस विचारा कीं, आपल्या घरांतून किंवा गांवांतून त्या युद्धांत कोण गेलें, कोण परतलें नाहीं, कोणाचें शेत गेलें. जें उत्तर मिळेल तें चित्राच्या शेजारच्या पानावर लिहून ठेवा. तें पान कोरें राहिलें, तर इतिहासाचा आपला अभ्यास अपुरा राहिला असें आम्हीं समजूं.