डोंगरावर पवनचक्क्या, छतावर सोलर; तरी लाईट गेली की घरात अंधार का?

वळवाचा पाऊस, सोसाट्याचा वारा आणि पाचच मिनिटांत लाईट गुल. पुणे-नगर महामार्गावरच्या सुप्यात दर मे-जूनमध्ये हे ठरलेलं. गंमत म्हणजे जवळच कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत, गावात कितीतरी छतांवर सोलर पॅनल दिसतात, शेजारच्या राळेगणसिद्धीत सौर कृषी वाहिनी योजनेचा राज्यातला सुरुवातीचा प्रकल्प उभा राहिला. वीज तयार करणारी एवढी साधनं डोळ्यांसमोर असताना घरात मात्र मेणबत्ती शोधावी लागते.

असं का होतं? आणि लाईट गेल्यावर घर चालवायला खरंच किती वीज लागते? समजून घेऊ.

लाईट गेली की छतावरचं सोलर का थांबतं?

पवनचक्कीची वीज थेट गावातल्या घरात येत नाही. ती उपकेंद्रातून ग्रीडमध्ये, म्हणजे राज्यभराच्या वीजजाळ्यात जाते आणि तिथून सगळ्यांना वाटली जाते. जाळ्याशी जोडलेल्या अशा पवनचक्क्या चालण्यासाठी समोर चालू ग्रीड असावं लागतं. ग्रीड गेलं की वारा कितीही असला तरी त्या वीज देणं थांबवतात.

छतावरच्या सोलरचंही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. या योजनेत बहुतेक घरांवर बसते ती 'ऑन-ग्रीड' यंत्रणा. महावितरणचा पुरवठा बंद झाला की तिचा इन्व्हर्टर क्षणात बंद पडतो. भर दुपारी कडक ऊन असलं तरी.

हा दोष नाही, तो मुद्दाम ठेवलेला नियम आहे. वायरमन पुरवठा बंद करून खांबावर चढलेला असतो. त्याच वेळी एखाद्या छतावरून वीज उलटी लाईनमध्ये गेली, तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून ग्रीड मेलं की घरचं सोलरही थांबलंच पाहिजे.

थोडक्यात, ऑन-ग्रीड सोलर बिल कमी करतं, अंधार नाही. अंधारासाठी बॅटरी लागते. अनुदान पॅनलच्या किलोवॅटवर मोजलं जातं, बॅटरीसाठी वेगळे पैसे मिळत नाहीत. पॅनल घेताना हा प्रश्न विचारला जात नाही आणि पहिल्या वादळात घरचे म्हणतात, 'एवढे पैसे घातले आणि लाईट गेलीच की!'

लाईट तासाभरात येतेच की, मग तयारी कशाला?

बहुतेक वेळा येते. पण 'बहुतेक वेळा' सोडून जे उरतं, त्याची तीन उदाहरणं गेल्या काही वर्षांतलीच आहेत.

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. रायगड आणि रत्नागिरीत हजारो खांब आडवे झाले, अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. किनाऱ्यावरून ते वादळ पुणे, नगर, नाशिककडेच सरकलं होतं.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा पुरवठा एकदम गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या. देशातली सर्वांत भरवशाची वीज मिळते असं ज्या शहराबद्दल बोललं जातं, तिथे हे झालं.

तिसरं उदाहरण ४ जानेवारी २०२३ चं. सरकारी वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी खासगीकरणाच्या विरोधात ७२ तासांचा संप पुकारला. सरकारशी चर्चा होऊन तो त्याच दिवशी मागे घेतला गेला. तरी तेवढ्या वेळात राज्यात ठिकठिकाणी पुरवठा खंडित झाला आणि तो सुरू करायला माणूस नव्हता.

वादळ, यंत्रणेतला बिघाड आणि संप, अशी ही तीन वेगळी कारणं. घरातल्या माणसासाठी परिणाम एकच: रात्र अंधारात.

एका रात्रीला खरंच किती वीज लागते?

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकलेलं सर्वांत उपयोगी गणित बहुधा हेच असावं: वॅट गुणिले तास. उत्तर येतं वॅट-तासांत. असे १००० वॅट-तास झाले की बिलावरचं १ युनिट होतं.

चार माणसांच्या घराची एक रात्र मोजू.

• ५ वॅटचे ३ एलईडी दिवे, संध्याकाळी ७ ते ११: ६० वॅट-तास
• संडासाच्या वाटेवर किंवा जिन्यात १ वॅटचा दिवा, पुढचे ७ तास: ७ वॅट-तास
• २ मोबाइल पूर्ण चार्ज, वाया जाणारी वीज धरून: ५० वॅट-तास
• १० वॅटचा वायफाय राउटर, ४ तास: ४० वॅट-तास

एकूण १५७ वॅट-तास, म्हणजे युनिटचा सहावा हिस्सासुद्धा नाही.

आता यात ७५ वॅटचे दोन साधे पंखे ८ तासांसाठी घाला. नुसते पंखेच १२०० वॅट-तास खातात. म्हणजे बॅकअपचा सगळा खर्च पंख्यांमुळे वाढतो. दिव्यांची गरज फार छोटी आहे. एलईडी घरोघरी आल्यापासून ती आणखी छोटी झाली आहे, पण आपण बॅकअप अजून जुन्या सवयीने घेतो: 'सगळं घर चालेल असं काहीतरी द्या.'

इन्व्हर्टर आहे, मग अडचण काय?

इन्व्हर्टर वाईट नाही. पंखे चालवायचे तर तोच हवा. पण लांबलेल्या रात्रीत त्याची एक गोष्ट कुणी सांगत नाही. बॅटरीतली १२ व्होल्टची डीसी वीज २३० व्होल्टची एसी करताना त्याला स्वतःला वीज लागते. घरातलं काहीही चालू नसलं, तरी नुसता सुरू ठेवलेला घरगुती इन्व्हर्टर साधारण १० ते २० वॅट घेतो. १५ वॅट धरले, तर १२ तासांत १८० वॅट-तास गेले. वर मोजलेल्या घराची अख्खी रात्र १५७ मध्ये निघते!

म्हणजे नुसते दोन-तीन दिवे लावण्यासाठी इन्व्हर्टर चालू ठेवणं हे पाटीभर विटा आणायला ट्रक पाठवण्यासारखं झालं.

१५० अँपिअर-तासांची नेहमीची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची असते. २०० वॅटचा भार, म्हणजे दोन पंखे, काही दिवे आणि राउटर लावला, तर रूपांतरातली घट धरून ती रात्रभर साथ देत नाही. जुनी झालेली असेल तर त्याहून कमी. संध्याकाळी सातला लाईट गेली, तर उजाडायच्या आत घर परत अंधारात.

१२ व्होल्टची वेगळी लाईन म्हणजे काय?

बॅटरीतली १२ व्होल्ट वीज एसी न करता तशीच वापरायची. १२ व्होल्टवर चालणारे डीसी एलईडी दिवे इलेक्ट्रिकच्या आणि सोलरच्या दुकानांत मिळतात. घरातला नेहमीचा २३० व्होल्टचा बल्ब यावर चालत नाही. मोबाइलसाठी गाडीत लावतो तो कार-चार्जर इथेही चालतो. राउटर मात्र थेट बॅटरीला जोडू नका. चार्ज होताना बॅटरीचं व्होल्टेज १४ च्याही वर जातं. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस वापरा.

बॅटरी किती मोठी घ्यायची? लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवत राहिलं तर ती लवकर मरते. त्यामुळे १५७ वॅट-तासांसाठी १२ व्होल्ट, २६ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी पुरते. तिची क्षमता ३१२ वॅट-तास, त्यातला अर्धा वापर. लिथियम फेरो फॉस्फेट प्रकारची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून तीच गरज १८ अँपिअर-तासांत भागते. ती महाग असते, पण टिकते जास्त. दोन रात्रींची तयारी हवी तर आकडे दुप्पट करा.

एरवी ती त्याच प्रकारच्या बॅटरीच्या चार्जरवर भरून ठेवायची. लाईट दोन-तीन दिवस येणारच नाही, ही भीती असेल तर ५० वॅटचा पॅनल आणि चार्ज कंट्रोलर जोडा. स्वच्छ उन्हात तो दिवसाला साधारण १५० वॅट-तास देतो. पावसाळी ढगांत निम्म्याहून कमी धरा. बॅटरी फार उतरली की दिवे आपोआप तोडणारा कंट्रोलर निवडा.

घरी एका बॅटरीचा इन्व्हर्टर आधीच असेल, तर त्याच बॅटरीवरून फ्यूज लावून १२ व्होल्टची लाईन काढता येते. रात्री झोपताना इन्व्हर्टर बंद करून फक्त ही लाईन चालू ठेवा. इन्व्हर्टर दोन बॅटऱ्यांचा असेल, तर त्यातल्या एकीवरून लाईन काढू नका. दोन्ही असमान उतरतात आणि जोडीच खराब होते.

१२ व्होल्टचा शॉक लागत नाही, मग धोका कसला?

कोरड्या हाताला शॉक लागत नाही हे खरं. पण आग लागू शकते. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच वॅटसाठी करंट जास्त. ६० वॅटला २३० व्होल्टवर पाव अँपिअर लागतो, १२ व्होल्टवर ५ अँपिअर. त्यात दोन टोकं चुकून एकमेकांना चिकटली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते. वायर लाल होते.

• फ्यूज: बॅटरीच्या प्लस टोकाच्या अगदी जवळ. छोट्या लाईनला ५ अँपिअरचा पुरेसा.
• वायर: १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून १० मीटरवर ५ अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन जवळपास पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. दिवा मिणमिणतो. २.५ चौरस मिलिमीटरला ही घट पाऊण व्होल्टच्या आत येते.
• जागा: पाणी घालायच्या बॅटरीतून चार्जिंगवेळी हायड्रोजन वायू निघतो. ती हवेशीर ठेवा, देवघरातल्या दिव्याजवळ नको.
• हात: टोकांशी काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढा.

कुणाला हे पुरणार नाही?

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर रुग्ण असेल, तर १२ व्होल्टच्या दिव्यांवर भागणार नाही. ५ लिटरचं यंत्र साधारण ३०० ते ३५० वॅट घेतं. तिथे योग्य क्षमतेचा इन्व्हर्टर हवाच आणि त्याच्या जोडीला भरलेला सिलिंडर. बॅटरी कधीतरी संपणार, हे धरूनच डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. इन्सुलिन असेल तर फ्रिज उघडू नका आणि किती तास चालेल ते डॉक्टरांना आजच विचारा.

पाण्याच्या मोटारीचा बॅकअप बहुतेक घरांना परवडत नाही. ढग भरून आले की टाकी भरून ठेवणं, हाच स्वस्त बॅकअप.

एमआयडीसीतल्या भाड्याच्या खोलीत काय करायचं?

सुप्यात कामानिमित्त आलेले कितीतरी जण भाड्याच्या खोलीत राहतात. तिथे वायरिंगला हात लावता येत नाही. त्यांच्यासाठी एक चार्जिंगचा दिवा, एक चांगली पॉवर बँक आणि यूएसबीवर चालणारी एलईडी पट्टी एवढ्यात रात्र निघते. आत बॅटरी असलेले 'इन्व्हर्टर बल्ब' तीन-चार तासांपुरते ठीक. सेलवरचा छोटा रेडिओही ठेवा. मोबाइल टॉवरलाही बॅटरीच असते आणि तीही संपते.

कोणती चूक जीवावर बेतते?

जनरेटर लावून त्याची वायर घरातल्या सॉकेटमध्ये घुसवणं. ती वीज मीटरमधून उलटी लाईनवर जाते, डीपीत चढून हजारो व्होल्टची होते आणि खांबावरच्या वायरमनला गाठते. चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर घराला जोडू नका आणि तो बंद खोलीत किंवा व्हरांड्यात चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तार तुटून पडलेली दिसली तर जवळ जाऊ नका, इतरांनाही जाऊ देऊ नका. महावितरणला १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर कळवा.

यात सरकारने काय करायला हवं?

भारनियमनाच्या काळात, २००५ नंतर, महावितरणने 'अक्षय प्रकाश योजना' राबवली होती. गावाने ठरवायचं की संध्याकाळी मोटार, गिरणी, हीटर बंद. फक्त दिवे आणि पंखे. बदल्यात संध्याकाळी वीज मिळायची. त्यामागचा विचार साधा होता: उजेडाची गरज छोटी आहे, ती मोठ्या भारापासून वेगळी काढली तर भागवता येते.

तो विचार आज घराच्या पातळीवर लागू होतो. अनुदानाचा सगळा जोर किलोवॅटवर आणि बिल शून्यावर आणण्यावर आहे. वादळात घर उजेडात राहील का, हा प्रश्न त्यात येतच नाही. आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, ग्रामपंचायत यांना आणि घरी रुग्ण असलेल्या कुटुंबांना छोट्या बॅटरीसाठी मदत दिली, तर पॅनलच्या तुलनेत खर्च किरकोळ असेल. घरकुलाच्या वायरिंगमध्ये १२ व्होल्टची एक पाइपलाइन आधीच टाकून ठेवली, तर पुढे भिंत फोडावी लागणार नाही.

आज काय करता येईल?

येत्या रविवारी संध्याकाळी सातला घराचा मेन स्विच दोन तास बंद ठेवा. कोणता दिवा नसल्याने खरंच अडलं, कुणाचा फोन संपला, म्हातारी माणसं कुठे अडखळली, ते कागदावर लिहा. प्रत्येकासमोर वॅट आणि तास मांडा. दुकानात जाताना तो कागद सोबत न्या. मग 'काहीतरी मोठं द्या' म्हणायची वेळ येणार नाही.